ऑफ-ग्रिड सौर यंत्रणेसाठी वायर आणि ब्रेकर कसे निवडावेत

१२०० वॅटचा लोड २३० व्होल्टवर चालत असेल तर वायरीतून साधारण ५ अँपिअर करंट वाहतो आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर तो सहज वाहून नेते. तोच लोड इन्व्हर्टरमार्फत २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला, की बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधल्या वायरीतून ६० अँपिअरहून अधिक करंट वाहू लागतो. करंट बारा पट झाला तर त्याच वायरीत निर्माण होणारी उष्णता १४४ पट होते, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घरातील वायरिंग पाहून तयार झालेला आपला अंदाज येथे चुकतो तो या एका कारणाने.

अकोला जिल्ह्यातील आमच्या शेतघरावर पहिल्यांदा ऑफ-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनवर अवलंबून नसलेली, सौर यंत्रणा बसवली तेव्हा हा अंदाज चुकल्याचे मी स्वतः पाहिले आहे. बसवणाऱ्या कारागिराने बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत १० चौरस मिलिमीटरची वायर टाकली होती आणि तिच्यावर घरगुती वापराचा, एसी वीजपुरवठ्यासाठी बनवलेला ६३ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे घराच्या बोर्डात असतो तसा छोटा ब्रेकर, लावला होता. हिवाळाभर सगळे व्यवस्थित चालले. मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत दुपारचे तापमान ४५ अंशांच्या वर गेले असताना, वायरीचे इन्सुलेशन थिंबलपाशी, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडापाशी, मऊ होऊन काळे पडू लागले आणि एमसीबी मात्र एकदाही पडला नाही. त्याने पडावे असे काही घडलेच नव्हते, कारण करंट ६३ अँपिअरच्या आसपासच होता. वायरच त्या करंटसाठी लहान होती. त्या उन्हाळ्यानंतर संपूर्ण वायरिंग काढून मी ते नव्याने, हिशेब करून केले. तोच हिशेब येथे पायरीपायरीने मांडला आहे.

त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. ब्रेकर किंवा फ्यूज हा इन्व्हर्टरच्या, फ्रिजच्या किंवा बॅटरीच्या रक्षणासाठी नसतो, तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर जितका करंट न तापता सोसू शकते त्याहून अधिक करंट वाहू लागला तर वायर पेटण्याआधी मार्ग तोडणे एवढेच त्याचे काम आहे. म्हणून निवडीचा क्रम ठरलेला आहे : आधी करंट काढायचा, त्यावरून वायर ठरवायची आणि मग या दोन आकड्यांच्या मध्ये बसेल असा ब्रेकर घ्यायचा. ब्रेकरचा आकडा लोडच्या करंटपेक्षा मोठा आणि वायरीच्या क्षमतेपेक्षा लहान, फार तर तिच्याएवढा असला पाहिजे. ब्रेकर वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागी मोठा ब्रेकर लावणे आणि वायर तीच ठेवणे, ही आग लागण्याची सर्वांत सरळ वाट आहे.

पहिली पायरी : यंत्रणेचे चित्र कागदावर काढणे

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर यंत्रणेचे सगळे भाग काढावेत आणि प्रत्येक दोन भागांमधील अंतर टेपने मोजून लिहावे. अंतर मोजताना वायर ज्या वाटेने जाणार आहे ती वाट मोजावी. छतावरून भिंतीच्या कोपऱ्यातून खाली येणारी वायर सरळ रेषेतील अंतराच्या दीडपटसुद्धा भरते.

उदाहरणासाठी आमच्याकडील सध्याची यंत्रणा घेतो. ३३० वॅटची दोन पॅनेल आहेत. प्रत्येकाच्या मागील लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारे) ४६ व्होल्ट, काम करतानाचे व्होल्टेज ३७.५ व्होल्ट, काम करतानाचा करंट ८.८ अँपिअर आणि शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोके थेट जोडल्यावर वाहणारा) ९.३ अँपिअर असे आकडे आहेत. पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढून बॅटरी भरणारा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर ३० अँपिअरचा आहे. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केले आहेत. इन्व्हर्टर १५०० व्हीए, म्हणजे १२०० वॅटचा आहे. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत २० मीटर, कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत दीड मीटर आणि बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत दोन मीटर अंतर आहे.

यातून चार स्वतंत्र मार्ग दिसतात : पॅनेल ते कंट्रोलर, कंट्रोलर ते बॅटरी, बॅटरी ते इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टर ते घर. प्रत्येक मार्गाचा करंट वेगळा, म्हणून वायर वेगळी आणि ब्रेकरही वेगळा. संपूर्ण यंत्रणेला एकच जाडीची वायर वापरली तर ती कुठे तरी अपुरी पडते किंवा कुठे तरी पैसे वाया जातात.

दुसरी पायरी : प्रत्येक मार्गाचा करंट काढणे

वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात, हे सर्वांना माहीत असते. चूक होते ती कोणते व्होल्ट धरायचे याबाबतीत. इन्व्हर्टर बॅटरीतून जेवढी शक्ती मागतो तेवढी घेतोच. बॅटरी उतरत गेली आणि तिचे व्होल्टेज कमी झाले, की तीच शक्ती मिळवण्यासाठी तो अधिक करंट खेचतो. म्हणून भागाकार २४ ने न करता बॅटरीच्या सर्वांत खालच्या पातळीने, म्हणजे सुमारे २२ व्होल्टने करावा. शिवाय इन्व्हर्टर स्वतः काही शक्ती उष्णतेत घालवतो, म्हणून त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरावी. १२०० भागिले २२, भागिले ०.८५ असे केल्यावर ६४ अँपिअर येतात. १२०० ला सरळ २४ ने भागले असते तर ५० आले असते. या १४ अँपिअरच्या फरकात वायरीचा एक संपूर्ण आकार बदलतो.

येथे घरातील रोजच्या वापराचा आकडा धरू नये. आपण एरवी दोन पंखे, चार दिवे आणि एक टीव्ही एवढेच चालवत असलो तरी एखाद्या सकाळी फ्रिज चालू असताना मिक्सर लागतो आणि इन्व्हर्टर त्याच्या पूर्ण क्षमतेला पोहोचतो. इन्व्हर्टर जास्तीत जास्त जितके देऊ शकतो तितके गृहीत धरूनच वायर ठरवावी.

निघालेल्या करंटला १.२५ ने गुणावे. तासन् तास चालणाऱ्या लोडसाठी वायर आणि ब्रेकर यांना पाव हिश्श्याची मोकळीक ठेवण्याची ही रीत आहे. ६४ चे ८० अँपिअर होतात.

कंट्रोलर ते बॅटरी या मार्गावर ६६० भागिले २४ म्हणजे साडेसत्तावीस अँपिअर येतात. परंतु कंट्रोलर स्वतःच करंट ३० अँपिअरवर रोखतो, म्हणून ३० धरावे. त्याचे १.२५ पट साडेसदतीस होतात. पॅनेलच्या मार्गासाठी मात्र शॉर्ट सर्किट करंट धरायचा असतो, त्याची कारणे पुढे येतील. ९.३ चे १.२५ पट ११.६ अँपिअर होतात.

तिसरी पायरी : उष्णतेच्या हिशेबाने वायर ठरवणे

भारतीय बाजारात तांब्याच्या वायरी १, १.५, २.५, ४, ६, १०, १६, २५, ३५, ५० आणि ७० चौरस मिलिमीटर अशा आकारांत मिळतात आणि दुकानात त्यांना ‘दीडची’, ‘अडीचची’, ‘चारची’ असेच म्हटले जाते. जुने वायरमन अजूनही ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ अशी नावे घेतात. सात-वीस म्हणजे २० गेजच्या सात तारा, आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ४.६ चौरस मिलिमीटर भरते. हिशेब करताना जुने नाव बाजूला ठेवून चौरस मिलिमीटरमध्येच विचार करावा.

पीव्हीसी इन्सुलेशनची, दोन वायरी एका पाइपात टाकलेली, तांब्याची वायर ३० अंश तापमानाला किती करंट सोसते याचे प्रचलित आकडे असे आहेत : दीडची साडेसतरा अँपिअर, अडीचची २४, चारची ३२, सहाची ४१, दहाची ५७, सोळाची ७६, पंचविसाची १०१ आणि पस्तिसाची १२५. वायर पाइपात न टाकता भिंतीवर क्लिपांनी उघडी बसवली तर हवा लागते आणि क्षमता साधारण दहा टक्क्यांनी वाढते. पंचविसाची वायर मग ११२ अँपिअरपर्यंत जाते.

हे सर्व आकडे ३० अंशांचे आहेत, ही बाब नवीन माणसाच्या नजरेतून हमखास सुटते. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत ३० अंश तापमान रात्रीसुद्धा नसते. पीव्हीसीच्या वायरीचा तांबे-गाभा ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो, म्हणून भोवतालची हवाच तापलेली असेल तर वायरीला स्वतः तापण्यासाठी कमी जागा उरते. ४० अंशांना क्षमता ०.८७ पट, ४५ अंशांना ०.७९ पट आणि ५० अंशांना ०.७१ पट धरावी. विदर्भात किंवा मराठवाड्यात यंत्रणा पत्र्याच्या खोलीत असेल तर ५० अंशांचा गुणक धरण्यात काहीही अतिशयोक्ती नाही. आमच्या जुन्या १० चौरस मिलिमीटर वायरीची क्षमता ४५ अंशांना पाइपात ४५ अँपिअर होती, आणि तिच्यावर ६३ अँपिअरचा ब्रेकर होता.

आता पंचविसाची वायर तपासू. ४५ अंशांना पाइपात ती १०१ गुणिले ०.७९, म्हणजे जेमतेम ८० अँपिअर सोसते. भिंतीवर उघडी बसवली तर ८८ अँपिअर. आपल्याला ८० अँपिअरचा ब्रेकर लावायचा आहे, म्हणून पंचविसाची वायर उघडी बसवावी, आणि पाइपातूनच न्यावी लागणार असेल किंवा खोली अधिक तापत असेल तर पस्तिसाची घ्यावी. आम्ही खोलीला आतून थर्मोकोलचे छत केले, हवा येण्याजाण्यासाठी वर-खाली जाळ्या ठेवल्या आणि पंचविसाची वायर उघडी बसवली. खोली थंड ठेवण्यासाठी केलेला खर्च बॅटरीचे आयुष्य वाढवतो, हा त्यातला आणखी एक लाभ आहे.

कंट्रोलर ते बॅटरी या मार्गासाठी दहाची वायर ४५ अंशांना ४५ अँपिअर सोसते आणि साडेसदतीसच्या गरजेला ४० चा ब्रेकर बसतो.

चौथी पायरी : व्होल्टेज किती पडते ते पाहणे

वायर तापत नाही म्हणून ती पुरेशी आहे असे होत नाही. लांब वायरीत व्होल्ट हरवतात, आणि २४ व्होल्टच्या यंत्रणेत एक व्होल्ट हरवणे म्हणजे चार टक्के शक्ती वाटेतच गमावणे होय. त्यासाठी एक सोपा हिशेब पुरतो : एकेरी अंतर मीटरमध्ये घ्यावे, जाण्याची आणि येण्याची वायर मिळून त्याची दुप्पट करावी, त्याला ०.०२ ने आणि करंटने गुणावे आणि वायरीच्या चौरस मिलिमीटरने भागावे. उत्तर व्होल्टमध्ये येते. ०.०२ हा तापलेल्या तांब्याच्या रोधाचा व्यवहारात पुरेसा अचूक आकडा आहे.

इन्व्हर्टरच्या मार्गासाठी : ४ मीटर गुणिले ०.०२ गुणिले ६४, भागिले २५, म्हणजे ०.२ व्होल्ट. हे एका टक्क्याच्या आत आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना इन्व्हर्टर क्षणभर दुप्पट करंट मागतो, तेव्हाही ०.४ व्होल्टच पडतात. हेच अंतर सहा मीटर असते तर त्या क्षणी १.२ व्होल्टहून अधिक पडले असते आणि अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर इन्व्हर्टरने ‘बॅटरी लो’ दाखवून बंद होणे पसंत केले असते. बॅटरी खराब झाली असे समजून लोक नवी बॅटरी आणतात, आणि दोष मात्र लांब व बारीक वायरीचा असतो. इन्व्हर्टर बॅटरीपासून दोन मीटरच्या आत ठेवावा; अंतर वाढवायचेच असेल तर ते २३० व्होल्टच्या बाजूला वाढवावे, कारण तिथे ते स्वस्तात पडते.

कंट्रोलर ते बॅटरी या मार्गावर : ३ गुणिले ०.०२ गुणिले ३०, भागिले १०, म्हणजे ०.१८ व्होल्ट. येथे एका टक्क्याच्या आत राहण्याचा आग्रह धरावा. कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज मोजतो आणि त्यावरून बॅटरी किती भरली हे ठरवतो. वाटेत व्होल्ट पडत असतील तर बॅटरी भरत आल्याचा त्याचा समज लवकर होतो आणि तो चार्जिंगचा वेग अकाली उतरवतो. लेड-अॅसिड बॅटरी दिवसेंदिवस अशी अर्धवट भरली जात राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते.

पॅनेलचा मार्ग सर्वांत लांब असतो, म्हणून तेथील निर्णय वायरीच्या आधी जोडणीचा असतो. आमची दोन पॅनेल समांतर जोडली असती तर ३७.५ व्होल्ट आणि १७.६ अँपिअर झाले असते. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ४० मीटरमध्ये साडेतीन व्होल्ट, म्हणजे नऊ टक्क्यांहून अधिक पडले असते. सिरीजमध्ये जोडल्यावर ७५ व्होल्ट आणि ८.८ अँपिअर होतात, त्याच वायरीत १.७६ व्होल्ट पडतात आणि हे प्रमाण २.३ टक्के भरते. व्होल्टेज दुप्पट केले की टक्केवारीतील तोटा चौथा हिस्सा होतो. पॅनेलच्या बाजूला तीन टक्क्यांपर्यंत तोटा चालतो, म्हणून चारची वायर पुरेशी ठरली. लोड २००० वॅटच्या पुढे जाणार असेल तर बॅटरीच्या बाजूलाही याच कारणाने २४ ऐवजी ४८ व्होल्टची यंत्रणा घ्यावी, आणि १२ व्होल्टचा विचार दोन-तीन दिवे आणि मोबाइल चार्जिंगपुरताच ठेवावा.

सिरीज जोडणी करताना थंडीचा हिशेब विसरता येत नाही. पॅनेल जितके थंड तितके त्याचे व्होल्टेज अधिक. २५ अंशांच्या खाली दर अंशाला साधारण ०.३ टक्के वाढ होते. निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पहाटेचे तापमान ५ अंशांच्याही खाली उतरते. ५ अंशांना आमच्या दोन पॅनेलचे ९२ व्होल्ट साडेसत्त्याण्णवपर्यंत जातात. १०० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर येथे काठावर येतो आणि मर्यादा ओलांडली गेली तर तो दुरुस्तीपलीकडे जळतो. म्हणून आम्ही १५० व्होल्टचा कंट्रोलर घेतला.

पाचवी पायरी : ब्रेकर

आतापर्यंतच्या हिशेबात ब्रेकरचा अँपिअरचा आकडा जवळजवळ ठरलेला आहे : इन्व्हर्टरच्या मार्गावर ८०, कंट्रोलर-बॅटरी मार्गावर ४० आणि पॅनेलच्या मार्गावर १६. परंतु डीसी बाजूला अँपिअरचा आकडा बरोबर असून ब्रेकर चुकीचा असू शकतो.

आपल्या घरातील एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. एमसीबीचे संपर्क उघडताना त्यांच्यामध्ये ठिणगीची जी कमान तयार होते ती करंट शून्यावर येताच विझते. डीसी करंट कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे ती कमान पेटतीच राहते आणि ब्रेकरचे प्लॅस्टिक वितळवू शकते. डीसीसाठी बनवलेल्या ब्रेकरमध्ये ही कमान ताणून, तिचे तुकडे करून विझवण्याची वेगळी रचना असते. ब्रेकरच्या अंगावर डीसी व्होल्टेज स्पष्ट छापलेले नसेल तर तो बॅटरीच्या किंवा पॅनेलच्या बाजूला वापरू नये, मग तो कितीही नामांकित बनावटीचा असो.

डीसी ब्रेकरांमध्येही दोन प्रकार आहेत. काहींवर अधिक आणि उणे अशी चिन्हे असतात. त्यांच्या आत चुंबक असतो आणि करंट ठरलेल्या दिशेने वाहत असेल तरच तो कमान विझवण्याच्या कप्प्यात ढकलतो. असा ब्रेकर उलटा जोडला तर लोडखाली बंद करताना तो स्वतःच पेटू शकतो. बॅटरीच्या मार्गावर, विशेषतः इन्व्हर्टरमध्येच चार्जर असेल तेव्हा, करंट दोन्ही दिशांनी वाहतो. तेथे चिन्हविरहित, दोन्ही दिशांना चालणारा ब्रेकरच घ्यावा आणि दुकानदाराला तसे स्पष्ट विचारावे. पॅनेलच्या बाजूला चिन्हांचा ब्रेकर चालतो, मात्र जोडणी त्याच्या आकृतीप्रमाणेच असली पाहिजे.

ब्रेकर किती मोठा शॉर्ट तोडू शकतो हेही पाहावे लागते. ट्युब्युलर बॅटऱ्यांच्या आमच्यासारख्या संचातून थेट शॉर्ट झाल्यास हजार-दोन हजार अँपिअर वाहू शकतात, आणि ६ किंवा १० किलोअँपिअर डीसी क्षमतेचा ब्रेकर ते तोडतो. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने तिचा शॉर्ट करंट याच्या कितीतरी पुढे जातो. तिच्या पॉझिटिव्हवर ब्रेकरच्या आधी डीसी व्होल्टेज छापलेला एचआरसी किंवा टी-क्लास फ्यूज, म्हणजे फार मोठा शॉर्ट करंट तोडू शकणारा फ्यूज, लावावा.

ब्रेकर ठरलेल्या आकड्यावर लगेच पडतो असा एक गैरसमज आहे. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार ४० अँपिअरचा ब्रेकर ४५ अँपिअरवर तासभर न पडता राहू शकतो, आणि तासाभरात तो पडलाच पाहिजे अशी हमी सुमारे ५८ अँपिअरला मिळते. या मधल्या पट्ट्यातील करंट वायरीला सोसावाच लागतो. वायर निवडताना ‘थोडी कमी असली तरी ब्रेकर आहे ना’ असा विचार करू नये, तो याचमुळे.

जागेचा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे. बॅटरीपासून ब्रेकरपर्यंतच्या वायरीच्या तुकड्याला कोणतेच संरक्षण नसते, म्हणून हा तुकडा शक्य तितका आखूड, एका वितीच्या आसपास ठेवावा आणि त्यावर जादा नळी चढवावी. पण लेड-अॅसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि तो वर चढतो, म्हणून ठिणगी पाडू शकणारा ब्रेकर बॅटरीच्या थेट डोक्यावर बसवू नये. तो बाजूला, हवा खेळती असलेल्या ठिकाणी असावा. बॅटऱ्यांच्या दोन रांगा समांतर असतील तर प्रत्येक रांगेला तिचा स्वतंत्र फ्यूज द्यावा आणि दोन्ही रांगांच्या वायरी सारख्याच लांबीच्या कापाव्यात.

पॅनेलच्या बाजूचे वेगळेपण

पॅनेलच्या वायरी पूर्ण शॉर्ट केल्या तरी त्यातून ९.३ अँपिअरच वाहतात, म्हणजे नेहमीच्या ८.८ पेक्षा जेमतेम अर्धा अँपिअर जास्त. १६ अँपिअरचा ब्रेकर या शॉर्टवर कधीच पडणार नाही. म्हणून येथील वायर शॉर्ट करंट दिवसभर सोसेल अशीच असावी लागते, आणि ढगांच्या कडेवरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने करंट छापील आकड्याच्या वर जातो म्हणून १.२५ ने गुणायचे असते. ब्रेकरचा उपयोग येथे मुख्यतः पॅनेल सुरक्षितपणे अलग करण्याचा आहे. तो दोन पोलचा, म्हणजे अधिक आणि उणे दोन्ही वायरी एकदम तोडणारा, आणि थंडीतील व्होल्टेजहून पुष्कळ अधिक, २५० व्होल्ट किंवा त्यापुढील डीसी क्षमतेचा घ्यावा.

सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनेलच्या तीन किंवा अधिक रांगा समांतर जोडल्या तर परिस्थिती बदलते. एका रांगेत दोष झाला की उरलेल्या सर्व रांगा तिच्यात करंट ढकलतात. तेव्हा प्रत्येक रांगेला सौर वापराचा जीपीव्ही फ्यूज लावावा आणि तो पॅनेलच्या लेबलवर छापलेल्या कमाल फ्यूजपेक्षा मोठा नसावा.

छतावर साधी पीव्हीसी वायर वापरू नये. ऊन तिला काही वर्षांतच तडकवते. आयएस १७२९३ किंवा ईएन ५०६१८ हे मानक छापलेली सोलर डीसी केबल घ्यावी. तिचा चारचा आकार मोकळ्या हवेत ६० अंश तापमानालाही ५५ अँपिअर सोसतो, त्यामुळे येथे उष्णतेची चिंता उरत नाही, फक्त व्होल्टेज पडण्याचीच पाहावी लागते. पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या एमसी-फोर कनेक्टरची नर आणि मादी टोके एकाच बनावटीची असावीत. वेगवेगळ्या बनावटींची टोके जुळली तरी आतील संपर्क सैल राहू शकतो आणि तिथे ती जळतात.

इन्व्हर्टरपासून घरापर्यंत

ही बाजू ओळखीची असल्याने थोडक्यात सांगतो. १२०० वॅटला ५.२ अँपिअर लागतात. मुख्य ब्रेकर १० अँपिअरचा, दिव्यांना दीडची आणि सॉकेटला अडीचची वायर पुरते. इन्व्हर्टर शॉर्ट झाल्यावरही फार मोठा करंट देऊ शकत नाही, म्हणून लवकर पडणारा बी प्रकारचा एमसीबी येथे अधिक योग्य आहे. माणसाच्या सुरक्षेसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच पुरवठा तोडणारे साधन, अवश्य लावावा. मात्र इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थशी जोडलेला नसेल तर तो आरसीसीबी काम करणार नाही, म्हणून इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत त्याविषयी काय सांगितले आहे ते वाचूनच जाणकार वायरमनकडून ही जोडणी करून घ्यावी. पॅनेलची चौकट आणि लोखंडी सांगाडा यांना स्वतंत्र अर्थिंग द्यावे. वळवाच्या पावसात उघड्या माळावर विजा पडतात, म्हणून पॅनेलच्या मार्गावर विजेमुळे येणाऱ्या व्होल्टेजच्या लाटेपासून वाचवणारा डीसी एसपीडीही बसवावा.

वायर विकत घेताना आणि जोडताना

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या भावात विकली जाते, आणि वेल्डिंग केबल तर तांब्याची व अॅल्युमिनियमची अशा दोन्ही प्रकारांत मिळते. बॅटरीसाठी वेल्डिंग केबल तिच्या लवचीकपणामुळे चांगली आहे, पण ती तांब्याचीच आहे याची खात्री करावी. एक तार ब्लेडने खरवडली आणि आतून पांढरी निघाली तर ती अॅल्युमिनियमची आहे. वजनानेही कळते : २५ चौरस मिलिमीटर तांब्याचा एक मीटर सुमारे २२० ग्रॅम भरतो, अॅल्युमिनियमचा ७० ग्रॅमसुद्धा भरत नाही.

हिशेब अचूक असूनही यंत्रणा जोडापाशी जळते, म्हणून थिंबलकडे दुर्लक्ष करू नये. थिंबल वायरीच्या मापाचे, कलई केलेल्या तांब्याचे असावे आणि ते हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलने दाबून घ्यावे. हातोड्याने ठोकून बसवलेले किंवा पकडीने चेपलेले थिंबल ६० अँपिअरवर टिकत नाही. असे टूल घरी नसेल तर तालुक्याच्या इलेक्ट्रिकल दुकानातून वायरी मापाने कापून, दोन्ही टोके दाबून आणाव्यात. बॅटरीच्या बोल्टवर थिंबल थेट शिशाच्या टर्मिनलला टेकले पाहिजे. वॉशर त्याच्या वर येतो, मध्ये नाही.

जोडणी करताना हातातील अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी. सर्व ब्रेकर बंद असताना आधी बॅटरी कंट्रोलरला जोडावी, कंट्रोलरने २४ व्होल्ट ओळखल्याचे पाहावे आणि मगच पॅनेलचा ब्रेकर चालू करावा. काढताना क्रम उलटा. पॅनेलच्या वायरीचे अधिक-उणे मल्टिमीटरने तपासल्याशिवाय कंट्रोलरला लावू नये.

पहिल्या दिवशी इन्व्हर्टरवर जवळजवळ पूर्ण लोड टाकून अर्धा तास चालवावे, डीसी क्लॅम्प मीटरने करंट मोजावा आणि आपल्या कागदावरील आकड्याशी ताडून पाहावा. त्यानंतर बॅटरीच्या टर्मिनलवर आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर असे दोन ठिकाणी व्होल्टेज मोजावे. त्यांतील फरक चौथ्या पायरीतील उत्तराहून दुपटीने अधिक असेल तर एखादा जोड सैल आहे. तो शोधण्यासाठी लोड चालू असताना इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक थिंबलवर आणि ब्रेकरच्या स्क्रूवर धरावा, आणि शेजारच्या जोडांपेक्षा जो दहा-पंधरा अंशांनी अधिक तापलेला दिसेल तो जोड, ब्रेकर बंद केल्यावर, उघडावा, घासून पुन्हा घट्ट करावा. तांब्याच्या तारा दाबाखाली हळूहळू बसत जातात, त्यामुळे महिन्याभराने सर्व स्क्रू पुन्हा एकदा आवळावेत, आणि पुढे दर वर्षी मार्चमध्ये, उन्हाळा चढण्यापूर्वी, हीच तपासणी करावी.